इन्सुलिन कशाचं असतं?

वाळूजच्या बजाजनगरात परवा पुन्हा तेच ऐकलं. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलेलं, बाटली घरात आणलेली, आणि आजी म्हणतात, "डुकराचं असतंय म्हणे ते. माळ आहे माझ्या गळ्यात." साखर चढत होती, सुई तशीच पडून होती. याची चीड येते.

एकेकाळी ते खरं होतं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून अर्क काढला; पुढची साठेक वर्षं इन्सुलिन यायचं ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून. पण १९७८ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय जिवाणूकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेतलं गेलं आणि १९८२ मध्ये त्या औषधाला तिथे मंजुरीही मिळाली. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी आपण अजून डुकरापाशीच!

आणि वाळूजमध्ये बसून हे बोलावं? वोक्हार्ट कंपनीनं २००३ मध्ये आणलेलं वोसुलिन हे इन्सुलिन इथल्याच बायोटेक पार्कचं. त्यासाठी वापरतात हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा नावाचं यीस्ट, म्हणजे बुरशीच्या कुळातला एकपेशीय जीव. हे यीस्ट मेथॅनॉलवरही जगतं. मेथॅनॉल पचवणारी विकरं बनवण्याचं त्याच्या जनुकांतलं बटण भलतंच जोरकस असतं. अशा बटणापुढे इन्सुलिनचं जनुक जोडायचं, ही खरी युक्ती. टाकीत आधी पेशी भरपूर वाढू द्यायच्या, मगच बटण दाबायचं; कारण इन्सुलिनचा यीस्टला स्वतःला काहीच उपयोग नाही, ते बनवण्यात त्याचं अन्न आणि ताकद खर्ची पडते. तापमान, आम्लता, हवा यांवर सतत नजर ठेवावी लागते. वाळूजच्या बिअर कारखान्यांतही यीस्टच राबतं, फक्त तिथे मद्य हवं असतं.

जिवंत जंतू टोचतात का? नाही. पेशी वेगळ्या काढून इन्सुलिन अनेक टप्प्यांत शुद्ध केलेलं असतं.

जिवाणू म्हणजे रोगच? मग दही कोण लावतं?

ही युक्ती फक्त औषधापुरतीच? अमेरिकेत चयापचय बदललेले ई. कोलाय मक्याच्या साखरेपासून प्रोपेनडायॉल नावाचं रसायन बनवतात, त्यापासून गालिच्याचा धागा होतो.

आजींची बाटली नातवाच्या हातात दिली. नावाखाली बारीक अक्षरांत 'आर-डीएनए ओरिजिन' छापलेलं होतं, म्हणजे जनुक बसवलेल्या सूक्ष्मजीवाकडून बनवून घेतलेलं. प्राण्याचं असतं तर बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. त्यानं मोठ्यानं वाचलं, मी अर्थ सांगितला. आजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग बाटली फ्रीजच्या दारात ठेवायला सांगितली.