करार होता, मग तक्रार कसली?

मॉरिशसची सहल करून आलेल्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तिकडे गेलेले आपले लोक काही गुलाम नव्हते. करार करून गेले, पगार घेतला, तिथेच राहिले." आता मात्र हे ऐकून गप्प बसवत नाही.

करार होता, पगार ठरलेला होता, हे खरं. गुलामगिरी संपत आली तेव्हा उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३४पासून भारतातून जहाजं सुटू लागली. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे जवळपास पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर, म्हणजे आजच्या आप्रवासी घाटावर उतरली. दगडी पायऱ्या चढल्या की रजिस्टरमध्ये नाव आणि क्रमांक, पुढे फोटोसुद्धा, आणि मग मळ्यावर रवानगी.

पण करार मोडला तर काय, हे कुणी विचारतच नाही! मजुराने काम सोडलं, तर तुरुंग. एक दिवस गैरहजर राहिला, तर दोन दिवसांचा पगार कापायचा. या पद्धतीचं नावच 'डबल कट'. आजारी माणसाचीही त्यातून सुटका नसे. बरं, मुदत संपली म्हणजे मोकळा? तेही नाही. १८६७च्या कायद्याने मुदत संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पास नसला की भटक्या ठरवून पोलीस उचलत. पुन्हा करार करणं त्यातल्या त्यात सुरक्षित, म्हणून माणसं पुन्हा करार करत. याला खुशी म्हणायचं?

शंका असेल त्यांनी १८७१चा अर्ज पाहावा. ॲडॉल्फ द प्लेव्हिट्झ या मळेवाल्याने मजुरांच्या वतीने तो गव्हर्नरकडे दिला. त्याखाली ९,४०१ जणांच्या सह्या होत्या. त्याबद्दल त्याला भर रस्त्यात मारहाण झाली. पुढे ब्रिटिश सरकारने शाही आयोग नेमला. तक्रारी खोट्या नाहीत, असंच त्या चौकशीत दिसून आलं.

बाकीचे गैरसमज किरकोळ. फक्त पुरुष गेले? नाही, बायकाही गेल्या आणि त्याही मळ्यात राबल्या. कुणी परतलंच नाही? सुमारे एक तृतीयांश परतले. सगळे बिहारचे? बहुसंख्य भोजपुरी भाषक, पण तमिळ आणि तेलुगूही होते, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले मराठीही. या सगळ्यांची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. मॉरिशसमधले वंशज आजही त्यांत आपल्या पूर्वजांचं मूळ गाव शोधतात.