रंग आणि उजेड – १४ : काळ्या-पांढऱ्यात हरवलेला सूर्य

साकोलीच्या दहावीतल्या एका वाचक मुलीनं विचारलं आहे, ‘मोनेचा तो शेंदरी सूर्य थरथरल्यासारखा का वाटतो?’ गेल्या वेळी चित्रकार मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’बद्दल लिहिताना मी ल हाव्रचं धुकं, बंदरातला धूर आणि पुढच्या होड्यांमध्येच रमलो आणि नेमकं हेच राहून गेलं. या प्रश्नावर माझा फार जीव आहे, त्यामुळे आजचा सगळा भाग त्याच्यासाठी.

पोरी, ‘इम्प्रेशन, सनराइज’ मोबाईलवर उघड आणि चित्र काळं-पांढरं कर. गडद होड्या जागच्या जागी राहतात. सूर्य मात्र जवळजवळ पुसला जातो! जेमतेम ४८ बाय ६३ सेंटिमीटरच्या त्या चित्रात नजर सगळ्यात आधी ज्याच्याकडे जाते, तोच गोळा राखाडीत मिसळतो. १८७२ साली मोनेनं त्याला रंग वेगळा दिला, पण उजळपणा भोवतालच्या आभाळाएवढाच ठेवला.

हार्वर्डच्या मेंदू-अभ्यासक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचा उलगडा केला आहे. वस्तू कुठे आहे, हलते की स्थिर आहे, हे मेंदूचा जो भाग ठरवतो, त्याला रंग जवळपास कळतच नाहीत. तो उजळ आणि गडद एवढंच जाणतो. रंग ओळखणारा भाग निराळा. एकाला शेंदरी गोळा लख्ख दिसतो, दुसऱ्याला तिथे काही सापडत नाही. सूर्याची जागा पक्की होत नाही, म्हणून तो थरथरतो. त्या बंदरात अजून पुरतं उजाडलेलं नाही असं आपल्याला वाटत राहतं, ते मला वाटतं यामुळेच.

खरा सूर्य असा नसतो. परवा पहाटे सानगडीच्या तलावावर गेलो होतो. धुकं इतकं दाट, की पलीकडचे धानाचे पुंजणे नुसते काळे ढीग दिसत होते. सूर्य वर आला तोही अगदी मवाळ. तरी फोटो काळा-पांढरा केल्यावर तो पांढऱ्या टिकलीसारखा उठून दिसला.

घरी येऊन पोस्टर कलर काढले. राखाडी आभाळावर पहिला सूर्य पिवळसर झाला. काळ्या-पांढऱ्यात पांढरा ठिपका. लाल वाढवला, तर काळपट डाग. शेंदरीत किंचित पांढरा, मग आभाळातलाच थोडा राखाडी मिसळत गेलो, तेव्हा चौथ्या खेपेला तो विरला. रंगात पाहिलं, तर कागदावर थरथरत होता.

तूही करून बघ. मोबाईल नसला तरी अडत नाही. चित्रकार करतात तसे डोळे बारीक करून पाहा, गोळा आभाळात विरला की जमलं. फक्त कागद पूर्ण वाळू दे. पोस्टर कलर ओला असताना एक दिसतो, वाळल्यावर त्याचा उजळपणा बदलतो. माझे पहिले दोन सूर्य त्यातच फसले.