सिकलसेलवरील औषध : प्रयोगशाळेपासून गावापर्यंत

नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर वसलेले रामटेक हे विदर्भातील एक प्राचीन तीर्थक्षेत्र होय. गडावरील राममंदिर, वाकाटककालीन नृसिंह मंदिरे, अंबाळा तलाव आणि महाकवी कालिदासाचे स्मारक यांमुळे या गावाचे नाव सर्वतोमुखी झाले आहे. येथील नागार्जुन टेकडीची परंपरा मात्र त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. रसविद्येचे आचार्य नागार्जुन यांनी या टेकडीवर वास्तव्य करून वनस्पती व धातूंवर प्रयोग केले, अशी या परिसरात श्रद्धा आहे. नागार्जुन नावाचे आचार्य एकाहून अधिक होऊन गेल्याचे विद्वान मानतात. त्यामुळे या परंपरेचा ऐतिहासिक निर्णय करणे कठीण आहे. तरीही रोगावर औषध शोधण्याची मानवाची धडपड किती जुनी आहे, याची आठवण ही टेकडी आजही करून देते.

त्याच रामटेक तालुक्याच्या उत्तरेस देवलापारचा आदिवासी पट्टा आहे. या पट्ट्यात आणि एकूणच पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष अनेक कुटुंबांच्या वाट्याला आला आहे. औषध-संशोधनाचे आजचे प्रवाह कोणते, त्यातील अडचणी कोणत्या, आणि प्रयोगशाळेत लागलेला शोध खेड्यातील मुलापर्यंत पोहोचण्यास एवढा काळ का लागतो, हे समजून घेण्यासाठी या एका रोगाची कथा पुरेशी बोलकी आहे.

रोगाचे स्वरूप

रक्तातील तांबड्या पेशी सामान्यतः गोल व लवचिक असतात. त्यांतील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनच्या रचनेत एक सूक्ष्म फरक असतो. प्राणवायू कमी पडताच ते पेशीच्या आत गोठल्यासारखे होते आणि पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर बनते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. परिणामी हाडे, सांधे, छाती व पोट यांत असह्य वेदना उठतात. या पेशी लवकर नाश पावत असल्याने रुग्णाच्या अंगात रक्त कमी राहते, कावीळ दिसते आणि जंतुसंसर्ग सहज होतो.

हा रोग संसर्गजन्य नाही. आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळाल्यासच अपत्य रुग्ण होते. एकाकडूनच मिळाल्यास ते केवळ वाहक राहते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. वाहकाला तीव्र हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणूनच पूर्वापार हिवतापाचा प्रादुर्भाव असलेल्या वनप्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. विदर्भात आदिवासी समाजांबरोबरच अनुसूचित जाती व इतर मागासवर्गांतील काही समाजांतही ते आढळते.

ज्ञान पुढे, उपचार मागे

अमेरिकेतील शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. १९४९ साली लिनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूतील दोष असल्याचे दाखविले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनच्या साखळीतील केवळ एक अमिनो आम्ल बदलल्याने हा सारा अनर्थ घडतो, हे सिद्ध केले. भारतात या दोषाची नोंद १९५२ साली झाली. निलगिरीतील आदिवासी आणि आसामातील चहामळ्यांचे मजूर यांच्यात तो आढळला. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयीचा लेख १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रेणूच्या पातळीवर ज्याचे कारण सर्वांत आधी उमगले, अशा रोगांत सिकलसेलची गणना होते. असे असूनही त्यावरील पहिल्या परिणामकारक औषधास मान्यता मिळण्यास १९९८ साल उजाडावे लागले. कारण कळले म्हणजे उपाय हाती आला असे नव्हे, हा औषध-संशोधनातील पहिला धडा होय. दुसरा धडा अधिक कटू आहे. हा रोग प्रामुख्याने आफ्रिका, भारत आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाज यांच्या वाट्याला आला. ज्या रोगाचे रुग्ण बहुसंख्येने गरीब असतात, त्याच्या औषधावर मोठी गुंतवणूक करण्यास व्यापारी कंपन्या सहसा उत्सुक नसतात.

औषध कसे तयार होते

नवे औषध बाजारात येण्यास साधारणपणे १० ते १५ वर्षे लागतात. प्रथम रोगप्रक्रियेतील नेमका दुवा शोधला जातो आणि त्यावर परिणाम करणारे हजारो पदार्थ तपासले जातात. त्यांतून निवडलेल्या मोजक्या पदार्थांची विषारीपणाची परीक्षा प्राण्यांवर होते. त्यानंतर मानवी चाचण्यांचे टप्पे सुरू होतात. पहिल्या टप्प्यात थोड्या व्यक्तींवर सुरक्षितता पाहिली जाते. दुसऱ्यात रुग्णांवर मात्रा व परिणाम तपासला जातो. तिसऱ्यात शेकडो वा हजारो रुग्णांवर प्रचलित उपचाराशी तुलना होते. परवाना मिळाल्यानंतरही निरीक्षण चालूच राहते आणि हा चौथा टप्पा होय. मानवी चाचणीत उतरलेल्या सुमारे दहा औषधांपैकी एखादेच अखेरपर्यंत टिकते.

महाराष्ट्राला हा मार्ग अपरिचित नाही. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर वापर करून आपली निरीक्षणे १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य १९५२ साली वेगळे करण्यात आले. परंपरेने दिशा दाखविली आणि मोजमापाने तिला प्रमाण मिळवून दिले. नागार्जुन टेकडीचा वारसा सांगताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. जुनेपणा हा गुणकारीपणाचा पुरावा होऊ शकत नाही. तो पुरावा चाचणीतूनच मिळतो.

जुन्या औषधाचा नवा उपयोग

सिकलसेलवरील प्रमुख औषध हायड्रॉक्सियुरिया हे मुळात या रोगासाठी शोधलेले नव्हे. हे रसायन जर्मनीत १८६९ साली तयार झाले. १९६७ साली अमेरिकेत कर्करोगाच्या काही प्रकारांसाठी त्यास मान्यता मिळाली. दरम्यान बालरोगतज्ज्ञांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. सिकलसेल असलेल्या तान्ह्या मुलांना पहिले काही महिने त्रास होत नाही, कारण त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन शिल्लक असते. हे हिमोग्लोबिन पेशीला विळ्याचा आकार येऊ देत नाही. हायड्रॉक्सियुरियामुळे हेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढते, असे १९८४ साली दिसून आले.

त्यानंतर अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांच्या वेदनांचे झटके इतके कमी झाले की, चाचणी नियोजित मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. १९९५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले व १९९८ साली प्रौढांसाठी मान्यता मिळाली. अमेरिकेत मुलांसाठी औपचारिक मान्यता २०१७ साली मिळाली. आफ्रिकेतील चार देशांत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा हिवतापाच्या प्रदेशातील मुलांनाही हे औषध सुरक्षितपणे देता येते, हे स्पष्ट झाले.

उपलब्ध औषधाचा नव्या रोगासाठी उपयोग करणे हा आजच्या संशोधनातील एक महत्त्वाचा प्रवाह आहे. अशा औषधाचे गुणदोष आधीच ठाऊक असल्याने वेळ व खर्च दोन्ही वाचतात.

नागपूरचे योगदान

परदेशी चाचण्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लागू करणे नेहमीच योग्य ठरत नाही. भारतातील सिकलसेलचे जनुक आफ्रिकेतील जनुकाहून वेगळ्या घडणीचे आहे. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक असते. त्यामुळे येथील रोग सौम्यच असतो, असा समज दीर्घकाळ होता. विदर्भातील रुग्णांच्या अभ्यासाने तो पूर्णतः खरा नसल्याचे दाखविले.

पाश्चात्त्य देशांत हायड्रॉक्सियुरियाची मात्रा रुग्णाला सोसेल तितकी वाढवीत नेतात. त्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. दूरच्या खेड्यातून येणाऱ्या रुग्णास हे कसे परवडावे ? या दृष्टीने नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांनी तीव्र त्रास असलेल्या ६० मुलांवर अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे दररोज १० मिलिग्रॅम अशी कमी व ठरावीक मात्रा देण्यात आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वेदनांचे झटके व रक्त देण्याची गरज लक्षणीय प्रमाणात घटल्याचे आढळले. आपल्या रुग्णांची स्थिती ओळखून आपल्याच भूमीत केलेले संशोधन किती उपयुक्त ठरते, याचे हे उदाहरण होय.

औषधाच्या रूपाचा प्रश्नही असाच महत्त्वाचा आहे. लहान मुलास कॅप्सूल गिळता येत नाही आणि ती फोडून दिल्यास मात्रा चुकते. सामान्य तापमानात टिकणारे हायड्रॉक्सियुरियाचे पातळ औषध भारतीय उद्योगाने २०२४ साली उपलब्ध केले. जेथे शीतकपाट नाही, विजेचा भरवसा नाही, तेथे अशा सुधारणेचे मोल नव्या शोधाइतकेच असते.

नवी औषधे, नवे प्रश्न

गेल्या काही वर्षांत या रोगावर नवी औषधे आली. २०१९ साली अमेरिकेत व्होक्सेलोटॉर व क्रिझानलिझुमॅब यांना मान्यता मिळाली. परंतु पुढील चाचणीत अपेक्षित लाभ न दिसल्याने क्रिझानलिझुमॅबची युरोपातील मान्यता २०२३ साली काढून घेण्यात आली. व्होक्सेलोटॉर तर उत्पादक कंपनीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून जगभरातून मागे घेतले. घाईने दिलेली मान्यता व नंतरचे निरीक्षण यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न यातून पुढे आला.

दुसरा प्रवाह जनुक-संपादनाचा आहे. रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशी काढून त्यांतील जनुकात बदल करावयाचा व त्या पुन्हा शरीरात सोडावयाच्या, अशी ही पद्धती आहे. 'कॅसजेव्ही' या अशा पहिल्या उपचारास २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याचे अमेरिकेतील मूल्य २२ लाख डॉलर इतके ठरविण्यात आले. शिवाय त्यासाठी तीव्र औषधोपचार व सुसज्ज रुग्णालय लागते. भारतातही दिल्लीच्या जीनोमिक्स व समवेत जीवविज्ञान संस्थेत या दिशेने स्वदेशी संशोधन झाले आहे. ते सामान्य रुग्णास परवडेल अशा किमतीत उतरविणे ही खरी कसोटी आहे.

किमतीच्या संदर्भात भारताचा अनुभव उद्बोधक आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेस पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे देशी उद्योगाने स्वस्त औषधे बनविण्यात प्रावीण्य मिळविले. २००५ पासून औषधासही २० वर्षांचे पेटंट मिळू लागले. मात्र जुन्या औषधात परिणाम न वाढविता केलेल्या किरकोळ बदलास पेटंट नाकारण्याची तरतूद कायद्यात आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती उचलून धरली. संशोधकाचे श्रेय व रुग्णाची ऐपत यांचा तोल राखणे हे पुढील काळातील मोठे आव्हान राहील.

गावपातळीवरील कर्तव्य

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी व २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट केवळ औषधाने साध्य होणारे नाही.

विवाहापूर्वी तपासणी करून घेण्याची प्रथा पडावी, यासाठी ग्रामसभेसारखे दुसरे व्यासपीठ नाही. मात्र वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अन्यथा तपासणीचा कागद एखाद्या मुलीच्या विवाहाच्या आड येतो आणि लोक तपासणीच टाळू लागतात. वर्गात वारंवार गैरहजर राहणारे, सांधे दुखतात म्हणून खेळास न जाणारे मूल आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी त्यास आरोग्य केंद्रात पाठविण्याची व्यवस्था करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश असल्याची माहिती पालकांना द्यावी.

'हे कर्करोगाचे औषध आहे' असे ऐकून किंवा वेदना थांबल्या म्हणून हायड्रॉक्सियुरिया मध्येच बंद करण्याकडे काहींचा कल असतो. हे औषध झटका आल्यावर घ्यावयाचे नसून झटका येऊ नये म्हणून नित्य घ्यावयाचे आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली व ठरावीक काळाने रक्त तपासूनच घ्यावे. गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम आढळल्यास भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळविता येते.

गावात औषध-चाचणीसाठी कोणी आल्यास नीतिशास्त्र समितीची मान्यता आहे काय, चाचणीची शासकीय नोंदणी झाली आहे काय, याची विचारणा करणे हा ग्रामस्थांचा हक्क आहे. सहभागी व्यक्तीस तिच्या भाषेत संपूर्ण माहिती मिळाली पाहिजे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. नकार देण्याचे व केव्हाही बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास आहे.

हायड्रॉक्सियुरिया प्रथम तयार झाल्यापासून सिकलसेलच्या रुग्णासाठी मान्य होण्यास १२९ वर्षे लागली. त्या विलंबास विज्ञानाच्या मर्यादा होत्या, तशीच समाजाची उपेक्षाही होती. आज औषध उपलब्ध आहे, मात्रा ठाऊक आहे, मुलांसाठी पातळ रूपही आहे. आरोग्य केंद्र आणि देवलापारच्या रानातील शेवटचे घर यांमधील अंतर आता उरले आहे. ते ओलांडण्याचे काम शासकीय कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याच हाती आहे.