बटणाएवढी बॅटरी, दिवसभराचा घोळ

“दादा, नेट बंद पडलंय!” सकाळचा पहिला फोन बहुधा हाच. जाऊन बघावं तर नेट ठणठणीत, पण कॉम्प्युटरची तारीख काही वर्षं मागे! वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. तारीख चुकली की ब्राउझर जवळपास प्रत्येक साइटवर संशय घेतो. चोर सापडतो मदरबोर्डवर: ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी. मापं नावातच आहेत, व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. मशीनची वायर काढलेली असताना घड्याळ हीच चालवते. बदलायला पाच मिनिटं, त्यातली चार धूळ झटकण्यात. मग ठरलेला प्रश्न: “एवढ्याशा सेलचे एवढे पैसे?” नवा सेल बसवल्यावर तारीख-वेळ तेवढी लावून घ्या, नाहीतर संध्याकाळी पुन्हा तोच फोन.