परतल्यानंतरची पेन्शन – लेखांक ५ : दहाव्या वर्षाची किंमत

ब्रिटनमध्ये पगारातून कापला जाणारा नॅशनल इन्शुरन्सचा हप्ता कशासाठी असतो, हे मागच्या लेखात पाहिले. आता प्रश्न आहे तो पुण्याला किंवा मुंबईला कायमचे परतल्यानंतरचा. तिथली नोकरी सुटली की हप्ताही थांबतो. मग तो इथून स्वतःच्या खिशातून भरत राहावा का? ‘तिथले पैसे तिथेच गेले’ म्हणून पुष्कळजण विषय सोडून देतात. काहीजण याउलट जेवढी वर्षे मिळतील तेवढी डोळे मिटून भरून टाकतात. माझ्या मते दोन्ही चूक आहे. प्रत्येक वर्षाची किंमत सारखी नसते आणि सगळ्यात मोलाचे असते ते दहावे वर्ष.

६ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या नव्या स्टेट पेन्शनमध्ये पूर्ण रकमेसाठी साधारण ३५ पात्र वर्षे लागतात. १० पेक्षा कमी असतील तर काहीच मिळत नाही. २०२५-२६ मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती. म्हणजे एका वर्षामागे आठवड्याला सुमारे साडेसहा पौंड, वर्षाला ३४२. त्याच वर्षी क्लास ३ चा ऐच्छिक हप्ता आठवड्याला १७.७५ पौंड होता, म्हणजे वर्षाचे ९२३ पौंड. पेन्शन सुरू झाल्यावर पावणेतीन वर्षांच्या आत हे पैसे वसूल होतात. हा हिशेब दहाच्या पुढच्या वर्षांचा. ज्याची ८ वर्षे झाली आहेत, त्याने १,८४६ पौंड भरून उरलेली दोन मिळवली, तर त्याच्या पदरात दोन वर्षांची नव्हे, दहा वर्षांची पेन्शन पडते: वर्षाला ३,४०० पौंडांहून जास्त. भरलेली रक्कम सात महिन्यांत परत. इतका फायद्याचा व्यवहार सामान्य नोकरदाराच्या वाट्याला क्वचितच येतो.

नेमक्या याच ठिकाणी दार अरुंद झाले आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये सलग तीन वर्षे राहिलेल्याला किंवा तीन वर्षांचे हप्ते भरलेल्याला परदेशातून हप्ता भरता येत असे. आणि तिथली नोकरी सोडून लगेच इथे कामाला लागलेल्याला तर क्लास २ चा, आठवड्याला जेमतेम साडेतीन पौंडांचा हप्ता चालत असे. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पाने ६ एप्रिल २०२६ पासून परदेशातल्या काळासाठीचा क्लास २ बंद केला आणि तीनाची अट दहावर नेली. त्यामुळे सहा-सात वर्षे नोकरी करून परतलेल्या इंजिनिअरला यापुढची वर्षे इथे बसून विकत घेता येणार नाहीत. पण अट हप्त्यांची किंवा सलग वास्तव्याची आहे, आणि यातली ‘किंवा’ महत्त्वाची. नवऱ्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर गेलेली, अकरा वर्षे तिथे राहिलेली, पण मुले लहान असल्यामुळे पाचच वर्षे नोकरी केलेली स्त्री घ्या. तिथल्या आईला चाइल्ड बेनिफिटमुळे मूल १२ वर्षांचे होईपर्यंत हप्ता न भरताही वर्षे जमा होतात. सरकारी मदतीला अपात्र ठरवणाऱ्या व्हिसावर राहणाऱ्या आईला ती मिळत नाहीत. तिच्या नोंदीत त्या वर्षांच्या जागी रिकाम्या रांगा दिसतात. वास्तव्याच्या अटीवर क्लास ३ भरण्याचा हक्क मात्र तिला आहे. घरात पेन्शनचा हिशेब मांडताना नवऱ्याची नोंद पाहिली जाते, बायकोची राहून जाते. खरी गरज तिथेच असते.

सगळ्यात वजनदार आक्षेप गोठलेल्या पेन्शनचा. भारतात राहणाऱ्याची पेन्शन सुरू झाली त्या दरावरच थांबते. दरवर्षीची वाढ त्याला मिळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये १५५.६५ पौंडांनी सुरुवात केलेल्या भारतातल्या पेन्शनरला आजही तेवढेच मिळतात. अमेरिकेत राहणाऱ्याला मात्र करारामुळे वाढ मिळते. हप्ता सारखाच भरून घ्यायचा आणि पत्ता पाहून वाढ नाकारायची, हा मला उघड अन्याय वाटतो. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१० मध्ये कार्सन खटल्यात तो कायदेशीर ठरवला, तरीही. पण म्हणून हप्ताच भरू नये, हे त्यातून निघत नाही. गोठणे सुरू होते ते पेन्शन हातात पडायला लागल्यावर. तोपर्यंत दर वाढत राहतो, आणि आज पंचेचाळिशीत असलेल्या माणसापुढे अशी वीसहून जास्त वर्षे आहेत. शिवाय पावणेतीन वर्षांत वसूल होणाऱ्या रकमेचे गणित वाढ न मिळाल्याने बिघडत नाही; फायदा कमी होतो, तोटा होत नाही.

‘तेच पैसे म्युच्युअल फंडात का नको?’ हाही प्रश्न रास्त आहे. पेन्शनच्या वयाआधी मृत्यू आला तर भरलेले पैसे परत मिळत नाहीत आणि वारसालाही जवळपास काही नाही. फंडातली रक्कम घरच्यांना मिळते. प्रकृती खालावलेली असेल किंवा घर एकाच्याच कमाईवर चालत असेल, तर आधी विमा आणि इथली बचत पाहावी, हे मी निःसंकोच सांगेन. पण फंड मरेपर्यंत दर महिन्याला पैसे देण्याची हमी देत नाही. नव्वदीपर्यंत जगण्याची तरतूद अशी हमीच करू शकते.

एक गैरसमजही दूर करायला हवा. भारत-ब्रिटन व्यापार कराराबरोबर ठरलेला दुहेरी हप्ते टाळणारा करार तात्पुरत्या नेमणुकीवर जाणाऱ्यांसाठी आहे. त्याने इथली पीएफची वर्षे तिथल्या दहात मिळवली जात नाहीत.

पैसे भरण्याआधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आपली नोंद वर्षावर्षाने पाहा. डिसेंबरात परतलेल्याचे ते अख्खे वर्ष बहुधा आधीच पात्र ठरलेले असते, कारण हिशेब आठवड्यांचा नसून कमाईचा असतो. ते विकत घेण्यात अर्थ नाही. कोणत्या वर्षाने पेन्शन खरोखर वाढेल, हे फ्यूचर पेन्शन सेंटरला विचारा आणि मगच सीएफ८३ हा अर्ज करा. मागची सहाच वर्षे भरता येतात. २०२०-२१ साठीची मुदत ५ एप्रिल २०२७ ला संपते.