प्रकाशाने तोंडाचा कर्करोग ओळखता येतो का?

"डॉक्टरसाहेब, तुकडा काढला की रोग पसरतो म्हणतात. त्यापेक्षा ते प्रकाशाचं यंत्र निघालंय, त्यानं बघा ना!" पंचेचाळिशीतले एक गृहस्थ परवा दवाखान्यात म्हणाले. वीस वर्षे तंबाखू-चुन्याची गोळी गालात एकाच जागी ठेवण्याची सवय. नेमक्या त्याच जागी पांढरा चट्टा आणि मधोमध लालसर जखम. त्यांचा प्रश्न इतरांच्याही मनात असेल, म्हणून आज या तपासणीविषयी.

लोलकातून सूर्यप्रकाश गेला की सात रंग वेगळे होतात, हे आपण शाळेत शिकलो. प्रकाशाचे असे पृथक्करण करून पदार्थ ओळखणारे शास्त्र म्हणजे वर्णपटशास्त्र. १९२८ साली सर सी. व्ही. रामन यांनी दाखवून दिले की, एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर पडला असता त्यातील अत्यंत अल्प भाग रंग बदलून बाहेर पडतो. हा बदल पदार्थातील रेणूंवर अवलंबून असतो. या शोधाला १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हेच तत्त्व तोंडासाठी वापरतात. गालाच्या आतील अस्तरावर लेसरचा सौम्य किरण टाकून परतणारा प्रकाश यंत्राने तपासतात. निरोगी अस्तरात स्निग्ध पदार्थांच्या खुणा ठळक दिसतात, तर कर्करोगात प्रथिनांच्या. ना सुई, ना टाका. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' या संस्थेत यावर महत्त्वाचे संशोधन झाले आहे.

दुसरा प्रकार निळ्या प्रकाशाचा. त्यात निरोगी अस्तर हिरवट चमकते आणि संशयित भाग काळपट दिसतो. पण साधी सूज किंवा दाताने झालेली जखमही काळपट दिसू शकते. म्हणून प्रकाश संशय दाखवतो, निदान मात्र तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच पक्के होते. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे. वेळ दवडल्याने तो नक्की पसरतो.

मग असे यंत्र गावात नाही म्हणून हातावर हात धरून बसायचे का? मुळीच नाही. केरळात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू वा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले.

तेव्हा तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री यांपैकी काहीही घेत असाल, तर महिन्यातून एकदा चूळ भरून आरशासमोर उजेडात उभे राहा. ओठ, गाल, हिरड्या, जिभेच्या कडा व जिभेखालचा भाग नीट पाहा. पुढीलपैकी काही आढळल्यास डॉक्टरांना दाखवा:

- दोन आठवड्यांत न भरणारी जखम
- पांढरा किंवा लाल चट्टा
- गाठ, किंवा कारण नसता हलू लागलेला दात
- तिखट लागताच होणारी आग
- स्वतःची तीन बोटे उभी आत जाणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड

आणि व्यसन आजच सोडा. त्यासाठी कोणत्याही यंत्राची वाट पाहावी लागत नाही.

ते गृहस्थ अखेर तुकडा काढून घ्यायला तयार झाले. अहवाल यायचा आहे. खिशातली तंबाखूची डबी मात्र त्यांनी माझ्या टेबलावरच ठेवली.