नॅव्हटेक्स: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘खिशात मोबाइल आहे, वादळाचा मेसेज येईलच.’ बंदरातला सर्वांत घातक गैरसमज हाच. मोबाइलचे टॉवर जमिनीवर असतात. किनारा दहा-बारा किलोमीटर मागे पडला की रेंज जाते. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी वादळ उठलं, तेव्हा दक्षिणेकडच्या कित्येक बोटी आधीच खोल समुद्रात होत्या आणि किनाऱ्यावर दिलेला इशारा त्यांना मिळाला नाही. केरळ-तामिळनाडूच्या ६८ बोटी अखेर देवगडच्या आसऱ्याला आल्या.

नॅव्हटेक्स हा छोटा रिसीव्हर अशा वेळेसाठीच असतो. ५१८ किलोहर्ट्‌झवरचे वादळाचे, वाहतुकीतल्या धोक्यांचे आणि शोधमोहिमांचे संदेश तो पकडतो आणि पडद्यावर किंवा कागदावर उमटवतो. कानाला लावून बसावं लागत नाही. इंटरनेट नको, वर्गणीही नको. पल्ला साधारण २५० ते ४०० सागरी मैल. मात्र यावरून मदत मागता येते, ही समजूत चुकीची आहे. हा फक्त घेतो, पाठवत नाही. हाकेसाठी व्हीएचएफचं १६ नंबरचं चॅनल हवंच.

‘आभाळ भरलं की लावू’ असंही म्हणतात. इथेच खरा घात होतो. संदेश पाठवणारी किनाऱ्यावरची शेजारची केंद्रं एकाच लहरीवर बोलतात, म्हणून प्रत्येकाला दर चार तासांनी दहा मिनिटांची पाळी दिलेली असते. फार तातडीचा इशारा मध्येच दिला जातो, पण सेट बंद असेल तर तोही हुकतो. म्हणून बंदर सोडण्याच्या निदान चार तास आधी सेट लावावा आणि मग परत येईपर्यंत चालूच ठेवावा.

मोठ्या जहाजांना हा रिसीव्हर १९९३ मध्ये सक्तीचा झाला, पण म्हणून तो लहान बोटींसाठी नाही असं मुळीच नाही. अडचण भाषेची आहे: ५१८ वरचे संदेश इंग्रजीत येतात. स्थानिक भाषेसाठी ४९० किलोहर्ट्‌झची सोय नियमांत आहे. तांडेलाला मराठीत इशारा मिळायलाच हवा, असं मला वाटतं. तोवर इंग्रजी वाचू शकणारा एक तरी माणूस बोटीवर असावा.

धोक्याचे संदेश सेटवरून गाळता येत नाहीत हे खरं, पण केंद्र गाळता येतं. आपल्या किनाऱ्यावर वेंगुर्ल्याचं केंद्र आहे, उत्तरेला वेरावळचं. रत्नागिरीहून गुजरातच्या दिशेने निघालात तर वेरावळ निवडलेलं आहे ना, हे बंदरातच तपासून घ्या.